सिनेगॉग आणि दहा माणसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून घेतला आहे. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा वाटलं, विषय ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी नाहीतर वारसनोंद असा काहीतरी असणार. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार? पण सांस्कृतिक समितीच्या वहिनी म्हणाल्या, "काका, व्याजाचे दर आम्हाला पेपरात कळतात. तुम्ही पंचवीस वर्षं इथे राहता, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवता, पण तुमच्या दाराच्या चौकटीवर ती तिरकी नळी कसली लावलीय ते आम्हाला अजून माहीत नाही. त्याबद्दल बोला."

ती नळी म्हणजे मेझुझा. आत कातड्याच्या तुकड्यावर तोरातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, काही ओळी हाताने लिहिलेल्या असतात. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना लावायची. झालं, नळीचं व्याख्यान संपलं. उरलेला वेळ मी आमच्या सिनेगॉगबद्दल बोलणार आहे. त्याच्याशिवाय आमच्या समाजाबद्दल काही सांगता येत नाही.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे इस्राएलची लेकरं. मराठी बोलणारे, कोकणातले ज्यू. आडनावं बघा: पेणकर, दिवेकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच म्हणा ना. तुमच्यासारखीच गावाची नावं मागे लावून फिरतो.

आता सोसायटीच्या लोकांना कळेल अशा भाषेत मुद्द्याला हात घालतो. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. साडेदहाची वेळ, खुर्च्या रिकाम्या. अध्यक्ष घड्याळ बघतात, कोरम नाही म्हणून सभा तहकूब करतात, आणि अर्ध्या तासाने तीच सभा, त्याच जागी, आहे त्या माणसांत सुरू होते. कोरम लागत नाही. कायद्याने ही फार मोठी सोय करून ठेवली आहे, नाहीतर पंचवीस वर्षांत आपला एकही ताळेबंद मंजूर झाला नसता. (हशा)

आमच्याकडेही कोरम आहे. त्याला मिन्यान म्हणतात. तेरा वर्षं पुरी झालेले दहा पुरुष. पण आमच्यात अर्ध्या तासाची सोय नाही. नऊ असले तर नऊच. मग तोराची पोथी बाहेर काढून सर्वांसमक्ष वाचता येत नाही. मेलेल्या माणसासाठी त्याचा मुलगा जी प्रार्थना म्हणतो, कद्दिश, ती म्हणता येत नाही. नऊ विद्वान बसले असतील तरी नाही, आणि दहावा काल तेरा वर्षांचा झालेला, गणितात नापास झालेला पोरगा असला तरी चालतं. बायकांना यात मोजत नाहीत. जगात आमच्या काही पंथांत मोजतात, आमच्याकडे नाही. माझी बायको यावर म्हणते, "मोजू नका. पण त्या दहांचं जेवण कोण करतं तेही कुठेतरी लिहून ठेवा." ते मी आज इथे लिहून ठेवतो.

तर सिनेगॉग म्हणजे इमारत आहेच, पण खरं म्हणजे ती हजेरीची जागा आहे. लहान समाजाचं सगळं गणित तिथे दिसतं.

गंमत अशी की आमच्याकडे सिनेगॉग फार उशिरा आलं. आमच्या परंपरेप्रमाणे आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं तिथेच पुरली; ती जागा आजही नवगावला आहे. हे किती वर्षांपूर्वी झालं यावर विद्वानांचं एकमत नाही आणि मी बँकेतला माणूस, व्हाउचर नसताना तारीख टाकत नाही. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली. हिब्रूतलं उरलं काय? तर 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. जन्माला, लग्नाला, मरणाला, तीच.

मग धर्म टिकला कुठे? स्वयंपाकघरात. खवले आणि पर नसलेला मासा चुलीवर चढत नसे. मटणात दूध-दही-तूप नाही. म्हणून आमची कालवणं नारळाच्या दुधात. मुलाची सुंता आठव्या दिवशी. पुढे कोचीनकडून दावीद राहाबी नावाचे गृहस्थ आले. हे लोक खरोखर आपलेच का, हे बघायला त्यांनी बायकांना वेगवेगळे मासे साफ करायला दिले. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. त्यावरून त्यांची खात्री पटली असं आमच्याकडे परंपरेने सांगतात. म्हणजे मोजणीत नसलेल्या बायकांनीच आम्हाला पास केलं. हाही मुद्दा आमच्या घरात अधूनमधून निघतो.

सणांची नावंही घरगुती. नव्या वर्षानंतर खिरीचा सण. उपासानंतर बिरड्याचा, म्हणजे वालाच्या बिरड्याने उपास सोडायचा. आणि सगळ्यात पवित्र दिवस, ज्याला जग योम किप्पुर म्हणतं, तो आमचा दारफाळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवायचा नाही, पाणीसुद्धा न घेता उपास करायचा. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. सिनेगॉग नव्हतं तेव्हा प्रत्येक घर असं आपापलं दार लावून देवापुढे बसत होतं. शेजारच्या गावात आपला भाऊबंद तेच करतो आहे हे माहीत असेल, पण दिसत नव्हतं.

दिसायला लागलं ते १७९६ साली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने हे इस्राएली लोक म्हणून त्यांचा जीव वाचवला असं सांगतात, आणि सुटलो तर प्रार्थनेची जागा बांधीन असा त्यांनी नवस केला होता असंही सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत मांडवी भागात आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. त्यात ठेवायला तोराच्या पोथ्या हव्यात म्हणून ते कोचीनला गेले आणि तिकडेच वारले. इमारत उभी राहिली, पण तिच्यातली खरी वस्तू आणायला गेलेला माणूस परत आला नाही. तो रस्ता आज सॅम्युएल स्ट्रीट.

आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. देवळात मूर्ती नाही, पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना, मग दुसरा शब्द कुठून आणणार? मांडवीची ती जुनी मशीद. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं असं आमची मंडळी छातीठोकपणे सांगतात. पुढे जुनीतल्या मतभेदांनंतर काही मंडळींनी वेगळी नवी मशीद काढली. जुनीचं नाव दयेचं द्वार, नवीचं शआरे रासोन, म्हणजे सदिच्छेचं द्वार. दोन्ही नावं भांडणानंतर वाचली की बरं वाटतं. ज्या सोसायटीत दोन गट नाहीत तिथे माणसं राहत नाहीत असं समजावं.

कोकणातही मग एकेक उभं राहत गेलं. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण. आपल्या ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं, शआर हशामाईम, १८७९ सालचं. स्वर्गाचं द्वार. रिक्षा करून सिव्हिल हॉस्पिटलकडे जाताना तुम्ही शंभर वेळा त्याच्यावरून गेला असाल.

माझं अलिबागचं. मागेन आबोत, पूर्वजांची ढाल. १८४८ चं, नंतर १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. ज्या आळीत ते आहे तिचं नावच इस्राएल आळी. तिथेच मी वाढलो.

आत काय असतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं काही गूढ आहे. पश्चिमेच्या भिंतीला हेखाल, म्हणजे मोठं कपाट, पडदा लावलेलं. त्यात तोराच्या पोथ्या. पोथी म्हणजे पुस्तक नव्हे. कातड्यावर हाताने लिहिलेली लांबच लांब गुंडाळी, लाकडी पेटीत उभी ठेवलेली, वर चांदीची घुंगरं. एक अक्षर जरी पुसलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला चालत नाही. मधोमध कठड्याचा चौथरा, तो तेबा. तिथे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, उभा राहतो. भोवती बाकं. हेखालापुढे अखंड दिवा. एक खुर्ची कायम रिकामी असते, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यासाठी. सुंतेच्या वेळी बाळाला तिच्याशी आणतात. लहानपणी मी त्या खुर्चीकडे टक लावून बघत असे, कारण आजीने सांगितलं होतं की तो येऊन जातो, फक्त गडबड करणाऱ्या पोरांना दिसत नाही.

कारभाराची नावं ऐका: मुकादम, चौगुला, गब्बाई, समाश. पहिली दोन आपल्या गावगाड्यातली, दुसरी दोन हिब्रू. मुकादम म्हणजे आपले अध्यक्ष. चौगुला त्यांचा मदतनीस. समाश दारं उघडणार, दिवे लावणार, कोण आलं नाही ते बघणार. गब्बाई हिशेब ठेवणार. उत्पन्न कशाचं? तर मानाच्या लिलावाचं. सणाला हेखाल कोणी उघडायचा, पोथी कोणी उचलायची, यावर बोली लागे. बाबा एस.टी.त कारकून. त्यांनी एका वर्षी अकरा रुपयांना पोथी उचलायचा मान घेतला आणि आई महिनाभर बोलत होती. पण पोथी घेऊन ते तेब्याभोवती निघाले तेव्हा घुंगरं वाजत होती आणि आई पुढे वाकून बघत होती. पुढे मी स्वतः काही वर्षं हिशेब बघितले. बँकेच्या लेजरपेक्षा ते वाचायला जास्त मजा येत असे. अमुक यांस मुलगा झाला म्हणून दिव्याला खोबरेल. तमुक परीक्षा पास झाले म्हणून सतरंजी.

या वह्यांत जन्म, लग्न, मृत्यू सगळं असे. त्यांचं महत्त्व मला १९६२ साली कळलं. त्याच वर्षी मी तेरा पूर्ण झालो आणि दहांत मोजला जाऊ लागलो. पहिल्या शनिवारी समाशांनी माझ्याकडे बोट करून "दहा" म्हटलं तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. प्रार्थनेनंतर ओट्यावर मोठी माणसं बोलत बसत, आता मलाही तिथे बसायची परवानगी होती. विषय एकच. इस्रायलला गेलेल्या आपल्या लोकांच्या लग्नांना तिथले मुख्य धर्मगुरू हरकत घेत होते. यांचे पूर्वज तपासा म्हणत होते. शेकडो वर्षं नोंदवही नव्हती हे खरं, पण घाणा शनिवारी बंद होता याला आख्खं कोकण साक्षी होतं. आमचे लोक तिकडे रस्त्यावर उतरले, धरणी धरली. १९६४ मध्ये इस्रायल सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. ओट्यावर एक म्हातारे म्हणाले, "बरं झालं कळवलं त्यांनी. आम्हाला माहीत नव्हतं." हशा झाला, पण त्या म्हाताऱ्यांचा स्वतःचा मुलगा तिकडे होता आणि त्याचं लग्न अडलेलं होतं.

मोजणीचा असाच एक सल मुंबईतला आहे, जुना. बगदादहून आलेले ज्यू, ससून वगैरे मंडळी, श्रीमंत. त्यांनी बांधलेली सिनेगॉग तुम्ही पाहिली असतील: भायखळ्याचं मागेन दावीद, फोर्टातलं निळं केनेसेथ एलियाहू, पुण्यातलं लाल देऊळ. त्यातल्या काहींना आमच्या काळ्यासावळ्या, मराठी बोलणाऱ्या माणसांना दहांत मोजायचं नव्हतं. आत बसा, पण मोजणार नाही. अकरा बेने इस्राएल आणि नऊ बगदादी असले तर कोरम नाही, असा हिशेब. मी हे कडवटपणे सांगत नाही. ती मंडळी पुढे इंग्लंडला, आणखी कुठे कुठे निघून गेली. आज त्या सिनेगॉगमध्ये दहा भरतात ते आमच्याच माणसांनी. भायखळ्याला एका सकाळी मी उभा होतो, शेजारी एक निवृत्त फिटर, पलीकडे रेल्वेतला एक क्लार्क. वर केवढी मोठी कमान. फिटर कानात म्हणाले, "आज आपणच ससून."

आमच्या समाजाने माणसं कमी दिली नाहीत, तेवढं एका वाक्यात सांगून पुढे जातो. मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता वरळी-महालक्ष्मीला आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, सिनेमातले डेव्हिड, ते मूळ चेऊलकर, कवी निस्सिम इझिकेल. मराठीच्या बाबतीत मात्र जोसेफ इझिकेल राजपूरकरांचं नाव थांबून घ्यायला हवं. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणून माझी आजी, जिला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, ती आपण काय म्हणतोय ते समजून रडत असे. आमच्याकडे कीर्तनंसुद्धा होती. बुवा उभे, हातात झांजा, आणि आख्यान योसेफाचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं विठ्ठलमंदिर आहे.

आता १९७८ सालचं सांगतो. बाबा जुलैत गेले. त्याच दिवशी माती दिली. पुढचे सात दिवस घरी बसायचं आणि रोज कद्दिश. तोपर्यंत आळी अर्धी रिकामी झाली होती. घरंच्या घरं बेरशेबा, दिमोना, अश्दोदला गेलेली. पहिले तीन दिवस मुंबईचे नातेवाईक होते, अडचण आली नाही. चौथ्या संध्याकाळी ते परतले आणि आम्ही नऊ राहिलो. बाहेर धो धो पाऊस. आईने दोनदा आतून विचारलं, "आले का रे?" कोण येणार ते तिलाही माहीत नव्हतं. सूर्य मावळायची वेळ टळत होती. तेवढ्यात दारात छत्री मिटण्याचा आवाज आला. पेणचे एक वयस्कर गृहस्थ. बाबांची त्यांची एवढी मैत्रीही नव्हती. कुठल्याशा हिशेबावरून वाकडंच होतं म्हणा. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की अलिबागला एक कमी आहे. त्यांनी एस.टी. पकडली. ओल्या अंगानेच उभे राहिले, मी कद्दिश म्हटली, त्यांनी 'आमेन' म्हटलं, चहा घेतला आणि शेवटच्या गाडीने परत गेले. सातव्या दिवसापर्यंत रोज आले.

त्या कद्दिशमध्ये मरणाचा शब्दही नाही बरं का. ती भाषा आरामी आहे आणि अर्थ सगळा देवाच्या स्तुतीचा. पण ती एकट्याने म्हणायची नसते. दहांपैकी बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं.

नोकरीत माझ्या बदल्या झाल्या. खामगावला तीन वर्षं होतो. सगळ्या तालुक्यात मी एकटा ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी बायको दिवे लावायची, काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत करायची, कारण आमच्याकडे आशीर्वादाला द्राक्षरस लागतो. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करायची: पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं. शेजारचे जोशी तो मलिदा प्रसाद म्हणून दोन्ही हातांत घेत. घरातलं सगळं होत होतं. जे पूर्वीचे लोक शेकडो वर्षं करत होते तेच आम्ही करत होतो. पण वडिलांच्या वर्षदिनाला रजा काढून, रात्रभर गाडीत बसून मी अलिबागला येत असे. त्या एका गोष्टीला खामगावात इलाज नव्हता.

आजची परिस्थिती. स्वातंत्र्याच्या वेळी आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो. आज सगळ्या भारतात सगळ्या प्रकारचे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने आम्हाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. मी त्या दिवशी म्हटलं, निदान याबाबतीत तरी आमची संख्या शंकेपलीकडे होती. मुंबई परिसरातले बरेच लोक ठाण्यात आले आहेत, त्यामुळे आपल्या ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी दहांची काळजी नसते. काळजी आहे ती कोकणातल्यांची. तिथे इमारती आहेत, रंग दिलेला आहे, पर्यटक येतात, फोटो काढतात. माणसं नाहीत. दारफाळणीच्या आधी महिनाभर फोनाफोनी चालते. तू रेवदंड्याला जा, मी अलिबागला जातो. त्याचा मुलगा तेराचा झाला का? नाही? मार्चमध्ये? अरेरे.

देखभाल कोण करतं? पुष्कळ ठिकाणी शेजारी. मुंबईत काही सिनेगॉगची राखण वर्षानुवर्षं मुसलमान कुटुंबं करत आली आहेत. अलिबागला लहानपणी शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नसू, तेव्हा शेजारच्या काकू न सांगता येऊन स्टोव्ह पेटवून जायच्या.

जागेचा प्रश्नही आहे. सोसायटीवाल्यांना तो लगेच कळेल. शहरात जमिनीला भाव आला की विचारणा होतात. आमची मिळकत पब्लिक ट्रस्टची, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि हे फार चांगलं आहे. एका विश्वस्तांचं म्हणणं, जिथे दहा माणसं जमत नाहीत ती जागा विकून पैसा जिथे जमतात तिथे लावावा. हिशेबाने ते बरोबर आहे. कर्जाच्या प्रकरणावर मीही तसाच शेरा मारला असता. पण मी विरोधात मत देतो. कारण विकली की दहावा यायची जागाच राहत नाही. पेणचे ते गृहस्थ एस.टी.तून उतरून जाणार कुठे?

माझा थोरला मुलगा अश्दोदला असतो. तिथे आपल्या लोकांचं सिनेगॉग आहे, मराठी बोलतात, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक त्यांच्याकडे येत असे ते मी तिकडे गेलो की चाळतो. नातू मला आजोबा म्हणतो, बाकी सगळं हिब्रू. दर वर्षी मुलगा म्हणतो, "बाबा, आता इकडे या. तिकडे कोणासाठी थांबलाय?" गुडघे दुखतात, बायकोची शुगर आहे, त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मागच्या दारफाळणीला मी अलिबागला होतो. संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला मोजलं तर मला धरून दहा. म्हणजे त्या दिवशी मी अश्दोदला असतो तर नऊ. हे मी मुलाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "यंदा मी येतो. अकरा होतील." तिकिटं काढली आहेत असं काल कळवलंय त्याने.

आता शेवटी वहिनींच्या सूचनेप्रमाणे. ज्यांना ठाण्याचं सिनेगॉग बघायचं असेल त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात वहीत नाव लिहावं. रविवारी सकाळी जाऊ. शनिवारी नको, त्या दिवशी प्रार्थना असते आणि मोबाईल, फोटो चालत नाही. प्रत्येकाने ओळखपत्र बरोबर घ्यावं. २००८ च्या नोव्हेंबरनंतर बंदोबस्त असतो, पोलीस नाव विचारतात, त्यात वाईट वाटून घेऊ नये. पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल. आत पाटी हिब्रूतही आहे, मी वाचून दाखवीन. मलिदा घरून आणू. नारळ किती लागतील ते नावं आल्यावर ठरवतो, म्हणून गुरुवारपर्यंत नावं द्या.

शालोम.